रॅकमधली फायरवॉल पुन्हा पुन्हा बंद पडते? मशीनमधला दोष असा शोधा

यातलं एक जरी तुमच्याकडे वारंवार होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- आठवड्यातून एकदोनदा सगळ्या ऑफिसचं नेट जातं. कोणीतरी फायरवॉल (ऑफिसचं सगळं नेट ज्यातून आत-बाहेर जातं ते राखणदार मशीन) बंद करून चालू करतं आणि काम सुरू होतं. चार दिवसांनी पुन्हा तेच.
- लाइट जाऊन आली की यूपीएसवरचे बाकीचे संगणक चालूच राहतात, फायरवॉल तेवढी रीस्टार्ट होते.
- लाइट आल्यावर फायरवॉल आपोआप उठतच नाही. मॉनिटर जोडला तर ‘पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा’ या ओळीवर थांबलेली दिसते.
- लाइन ३०० एमबीपीएसची आहे, पण वेग ९४ च्या वर जात नाही.
- पंखे एकदम विमानासारखे ओरडू लागतात आणि थांबत नाहीत.
- व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट, जोडला जात नाही, सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ असं सांगतं.
- लॉग उघडावा तर बंद पडण्याआधीच्या मिनिटाला काहीच नाही. ओळी मध्येच तुटतात आणि थेट बूटच्या ओळी सुरू होतात.

ही शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. सॉफ्टवेअर पडलं की बहुतेक वेळा काहीतरी बोलून पडतं. न बोलता पडतं तेव्हा बहुधा खालची जमीनच सरकलेली असते.

बडोद्यात मी हेच काम करतो. मकरपुरा जीआयडीसीतले कारखाने, रावपुऱ्यातली ऑफिसं, दोन शाळा, काही पॅथॉलॉजी लॅब. बहुतेकांकडे मोठ्या कंपनीतून चार-पाच वर्षांनी निघालेला एक यू किंवा दोन यूचा (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) सर्व्हर घेऊन त्यावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. सौदा चांगलाच आहे, मी स्वतः असे कितीतरी लावून दिलेत. पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या या तक्रारीत दोष सॉफ्टवेअरमध्ये मला फार क्वचित सापडला. लोक मात्र आधी अपडेट टाकतात, मग रीइन्स्टॉल करतात, मग इंटरनेटवाल्याशी भांडतात, आणि मशीनकडे सगळ्यात शेवटी वळतात. याचं कारणही कळण्यासारखं आहे. ऑफिसातला हा एकच संगणक असा, की त्याच्यासमोर कोणी बसत नाही. अकाउंटच्या बाईंचा पीसी जरा गरम झाला तरी त्या फोन करतात. रॅकमधलं मशीन मात्र महिनोन् महिने पिवळा दिवा लावून उभं असतं आणि त्याच्या पाठीमागे जाऊन बघणारं कोणी नसतं.

बटण दाबण्याआधी तीन पिंग

नेट गेलं की पहिला हात पॉवरच्या बटणावर जातो. तो दोन मिनिटं आवरा. बंद-चालू केलंत की मशीन नेमकं कोणत्या अवस्थेत होतं ते कायमचं पुसलं जातं, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा शून्यावर.

एक लॅपटॉप घ्या, स्विचला केबलने जोडा आणि क्रमाने तीन पत्त्यांना पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघा. पहिला स्विच किंवा ऑफिसातला दुसरा कुठलाही संगणक, दुसरा फायरवॉलचा आतल्या बाजूचा पत्ता, तिसरा बीएमसीचा (तो काय असतो ते लगेच खाली). पहिल्याचं उत्तर नसेल तर स्विच गेला आहे, फायरवॉलला हात लावू नका. पहिला आणि दुसरा दोन्ही बोलत असतील तर मशीन जिवंत आहे, दोष बाहेरच्या मोडेमकडे किंवा लाइनकडे शोधा. दुसरा गप्प असेल तर तिसरा काय म्हणतो त्यावर पुढचं सगळं ठरतं.

बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या बोर्डावर मुख्य प्रोसेसरपासून वेगळा बसवलेला छोटा नियंत्रक. डेलच्या सर्व्हरवर त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवर आयएलओ, सुपरमायक्रोवर नुसतं आयपीएमआय. मशीन बंद असलं तरी प्लगला करंट आहे तोवर तो जागा असतो, कारण तो पॉवर सप्लायच्या स्टँडबाय लाइनवर चालतो. बीएमसी बोलला आणि ‘पॉवर चालू’ म्हणाला, तर मशीन अडकलं आहे: रॅम, डिस्क, उष्णता किंवा ड्रायव्हर. ‘पॉवर बंद’ म्हणाला तर कोणीतरी वीज तोडली: अतिउष्णतेने स्वतःहून बंद झालं किंवा सप्लाय गेला. बीएमसीही गप्प असेल तर करंटच पोचत नाही, नाहीतर बोर्डात दोष आहे.

आणि वेळ लिहा. वहीत, पेनने. तारीख, वेळ, लाइट गेली होती का, एसी चालू होता का. चार नोंदी झाल्या की बहुतेक वेळा वहीच उत्तर देते. नेहमी दुपारी होत असेल तर उष्णता, लाइट गेल्यावर होत असेल तर यूपीएस किंवा सप्लाय, सोमवारी सकाळी होत असेल तर शनिवार-रविवारी त्या खोलीत काय घडतं ते बघा. वेळेला काही ताळतंत्रच नसेल तर मी रॅमकडे वळतो.

मशीनची स्वतःची डायरी

फायरवॉलचा लॉग तुटतो, पण बीएमसीकडे वेगळी नोंदवही असते, सिस्टिम इव्हेंट लॉग, म्हणजे एसईएल. मुख्य मशीन अडकलं तरी ही वही लिहिली जाते. आयपीएमआय हे बीएमसीशी बोलण्याचं मानक १९९८ सालचं आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरही ही सोय बहुधा असते. बीएमसीचं वेब पान उघडा, किंवा लॅपटॉपवरून आयपीएमआयटूल या प्रोग्रामने वाचा. पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. मी स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढण्याआधी हे वाचतोच.

तीन गोष्टी सांभाळा. पहिली, आधी प्रत उतरवून ठेवा, मगच लॉग साफ करा. दुसरी, लॉग भरलेला आहे का बघा. काही बोर्डांवर जागा संपली की नव्या नोंदी होणंच थांबतं, आणि ‘काही नोंद नाही म्हणजे मशीन ठीक’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तिसरी गोष्ट घड्याळाची. एका कारखान्यात एसईएलमध्ये दर वेळी ८ वाजून ४० मिनिटांच्या आसपास उष्णतेची नोंद होती. सकाळच्या पाळीत कोणतं यंत्र सुरू होतं ते आम्ही दोन आठवडे शोधत होतो. बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे खरी वेळ दुपारची २ वाजून १० मिनिटं. जेवणाच्या सुट्टीनंतर पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येत होतं आणि रॅक त्या भिंतीलाच टेकलेला होता.

त्याच पानावर सेन्सरही दिसतात. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. एकच आकडा बघून घाबरू नका, आज आणि महिन्यानंतर असे दोन आकडे शेजारी ठेवा. घसरण दिसली तर ती खरी.

इथे एक सावधगिरी, फायरवॉलवर फार गरजेची. काही बोर्डांवर बीएमसीचं स्वतंत्र पोर्ट मोकळं राहिलं तर तो आपणहून पहिल्या लॅन पोर्टवर सरकतो. ते पोर्ट तुम्ही बाहेरच्या लाइनला लावलं असेल तर बीएमसी इंटरनेटकडे तोंड करून बसतो. आयपीएमआय २.० मध्ये पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं गुंतवलेलं रूप, लॉगिनच्या आधीच मागून घेता येतो, ही २०१३ पासून जाहीर असलेली त्रुटी आहे आणि ती मानकातच आहे. म्हणून सेटिंगमध्ये फक्त स्वतंत्र पोर्ट निवडा, त्याला वेगळं व्हीलॅन, म्हणजे स्विचवरच अलग केलेलं नेटवर्क द्या (मग तिसरा पिंग लॅपटॉप त्याच व्हीलॅनच्या पोर्टला लावून करा) आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला.

केबल

ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एक जोडी तुटली की लिंक गुपचूप १०० वर येते आणि प्रत्यक्ष वेग ९४ च्या आसपास अडकतो. फायरवॉलच्या इंटरफेसच्या पानावर लिंकचा वेग आणि इनपुट एररचा आकडा बघा. आकडा वाढत असेल तर केबल बदला, मग स्विचचं पोर्ट बदला, आणि तरी वाढतच राहिला तर नेटवर्क कार्डावर संशय घ्या. याच क्रमाने जा. कार्ड जातं, पण क्वचित. उंदरांनी कुरतडलेली केबल मी दर पावसाळ्यात बघतो.

लाइट, यूपीएस आणि दोन सप्लाय

लाइट गेली की फायरवॉल तेवढी रीस्टार्ट होते, या तक्रारीचा मूळ शोध मला एका उत्तरायणात, म्हणजे पतंगांच्या सणात लागला. १४ आणि १५ जानेवारीला आपल्याकडे तारांवर मांजा अडकतो, लाइट क्षणभर जाते आणि येते, दिवसातून अनेकदा. एका लॅबमधली फायरवॉल त्या दोन दिवसांत दर वेळी पडली. त्याच यूपीएसवरचे चार पीसी मात्र हलले नाहीत.

साध्या लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएसला मेनवरून बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ मशीन पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरच्या साठ्यावर तगतं. नव्या सप्लायचा साठा दहा-पंधरा मिलिसेकंद सहज पुरतो. कपॅसिटर म्हातारा झाला की तो आटत जातो, आणि उष्णतेत लवकर आटतो: साधारण हिशेब असा की दर १० अंश वाढीला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. एरवी सगळं उत्तम चालतं. विजेचा झोका बसला की मात्र सप्लाय धरून ठेवू शकत नाही. यूपीएस निर्दोष, लाइट निर्दोष, आणि दोष अशा जागी की कोणाला दिसत नाही.

तपासायचं असं. ऑफिस सुटल्यावर, सगळ्यांना सांगून, आधी कॉन्फिगची प्रत घेऊन, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. मशीन तगलं तर पाच मिनिटं तसंच ठेवा, यूपीएसची बॅटरीही तपासून होईल. पडलं तर दुसऱ्या यूपीएसवर तीच चाचणी करा. दुसऱ्यावर तगलं तर यूपीएस बदला, तिथेही पडलं तर सप्लाय. एक आणखी कारण असतं: स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यांसारखी लहर देतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (मेनमधून वीज नीट लहरीने ओढणारं सर्किट) असलेले सर्व्हरचे काही सप्लाय त्यावर रुसतात. सर्व्हरला शुद्ध साइन वेव्हचाच यूपीएस घ्या.

दोन सप्लाय असलेल्या मशीनबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. दुसरा सप्लाय असला की लोक निर्धास्त होतात, आणि घोळ तिथेच होतो. एका ठिकाणी मी रॅकच्या मागे टॉर्च मारला, डावा सप्लाय पिवळा. विचारलं, कधीपासून? कोणालाच माहीत नव्हतं. एसईएलमध्ये त्याची नोंद सात महिन्यांपूर्वीची निघाली. सात महिने ते मशीन एकाच सप्लायवर उभं होतं आणि सगळ्यांची समजूत की आपल्याकडे दोन आहेत. जोडीदाराने ओझं उचललं की पहिल्याचं पडणं कोणाला ऐकूच येत नाही. म्हणून दोन्ही सप्लाय वेगवेगळ्या यूपीएसवर, निदान वेगवेगळ्या प्लगवर लावा, आणि तीन महिन्यांतून एकदा एकेक वायर काढून बघा.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगमध्ये गडबड आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचं, आपलं नाही.

उष्णता

बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेची शिफारस अशी की सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी, आणि नेहमीच्या वर्गातल्या सर्व्हरना ३५ पर्यंत चालते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीतलं मशीन मर्यादेच्या बाहेरच उभं असतं.

एका शाळेत फायरवॉल दर सोमवारी सकाळी बंद सापडायची. इंटरनेटवाला तीनदा येऊन गेला होता. मी बीएमसीवर तोंडाकडच्या सेन्सरचा आलेख काढला. सोमवार ते शनिवार २६ ते २९ अंश, रविवारी दुपारी ४४.

ऑफिसातल्या ताईंना विचारलं, “ताई, शनिवारी जाताना या खोलीचा एसी बंद करता का?”

“हो, मग? सुट्टीच्या दिवशी कशाला बिल वाढवायचं? मेन स्विचच पाडतो आम्ही त्या बाजूचा.”

“आणि दार?”

“दाराला कुलूप असतं. चोऱ्या होतात ना हल्ली.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. खोलीत एक यंत्र रविवारीही काम करत असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही एसीचा स्विच वेगळा केला, दाराच्या खालच्या भागात जाळी बसवली आणि वर एक एक्झॉस्ट पंखा लावला. आता एसी रविवारीही चालू राहतो आणि रविवारचा आकडा ३५ च्या आत असतो. एसी कधी बंद पडला तरी खोलीतली हवा निदान हलते. तो सोमवारचा फोन पुन्हा आला नाही.

खोली ठीक असेल तर मशीन बघा. एक यू म्हणजे उंची ४४.४५ मिलिमीटर. त्यात ४० मिलिमीटरचे पंखे बसतात आणि मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे मारूनच पुरेशी हवा ढकलतात. अशा पंख्यांचं बेअरिंग आधी झिजतं. एक पंखा मंदावला की बीएमसी बाकीचे पंखे पूर्ण वेगाने फिरवतो. तो ओरडा म्हणजे एका पंख्याचा मृत्युलेख. सेन्सरच्या पानावर कोणाचा आकडा खाली आहे ते बघा, तोच बदला, आणि तोच नमुना आणा. डेस्कटॉपचा शांत पंखा बसवला तर हवा अपुरी पडते आणि बीएमसी त्याला मेलेलाच धरतो.

धूळ काढताना मशीन बंद करा, वायर काढा, बाहेर उघड्यावर न्या. मकरपुऱ्यात लेथचं तेल आणि धूळ मिळून हीटसिंकवर काळी चिकट साय धरते, ती नुसत्या ब्लोअरने निघत नाही, मऊ ब्रश लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलंत तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब करतं. आणि ‘गार राहावं’ म्हणून झाकण उघडं ठेवून मशीन चालवू नका. या सर्व्हरमध्ये झाकण आणि आतलं प्लास्टिकचं आवरण मिळूनच हवेचा बोगदा बनतो. झाकण काढलं की पंख्यांची हवा वरून निसटते आणि प्रोसेसर आणखी तापतो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आत शिरल्या शिरल्या पहिली नजर झाकणाकडेच जाते.

बटण-सेल

बोर्डावर सीआर २०३२ हा सेल असतो, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळणारा. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदला. पाच वर्षांचं जुनं मशीन घेतलं असेल तर न मोजताच बदला. सेल गेला की पूर्ण करंट तुटल्यावर घड्याळ आणि बायोसच्या (मशीन उठवणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) सेटिंग पुसल्या जातात. ‘लाइट आल्यावर आपोआप चालू हो’ ही सेटिंगही त्यातच जाते, म्हणून मशीन एफ १ वर थांबतं किंवा उठतच नाही. घड्याळ मागे गेलं की सर्टिफिकेट नाकारली जातात आणि व्हीपीएन पडतो.

यात एक चक्रही अडकतं. घड्याळ फार चुकलं की डीएनएससेकची, म्हणजे नावावरून पत्ता शोधताना उत्तर खरं आहे का याची तपासणी फसते, मग एनटीपी (नेटवरून घड्याळ लावून देणाऱ्या) सर्व्हरचं नाव सापडत नाही, आणि नाव सापडत नाही म्हणून घड्याळ दुरुस्त होत नाही. त्यासाठी एनटीपीच्या यादीत नावांबरोबर एखादा थेट आयपी पत्ताही ठेवा. सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या.

डिस्क

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तिचे आकडे फायरवॉलच्या वेब पानावरच दिसतात. ५ आणि १९७ या क्रमांकांचे (खराब जागांचे) आकडे वाढत असतील तर डिस्क जाते आहे, बदला. १९९ वाढत असेल तर आधी डेटा केबल बदला. एसएसडी असेल तर उरलेलं आयुष्य बघा. आत घुसखोरी ओळखणारी सेवा आणि भरपूर लॉग चालू असतील तर छोटी एसएसडी लवकर झिजते. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर दोन डिस्कची जोडी असेल तर ‘डिग्रेडेड’ असं लिहून आलेलं नाही ना ते बघा. इथेही सप्लायसारखंच, जोडीदार दोष झाकून ठेवतो.

रॅम

इथपासून वेळ लागतो, फायरवॉल काही तास बंद ठेवावी लागते. तेवढ्या वेळासाठी पर्यायी राउटर हाताशी ठेवा.

सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये एका बिटची चूक आपोआप सुधारली जाते आणि एसईएलमध्ये तशी नोंद होते, बहुतेक वेळा स्लॉटच्या नावासकट. वर्षात एखादी आली तर सोडून द्या. एकाच स्लॉटच्या नावाने पुन्हा पुन्हा येत असेल तर ती पट्टी सुधारता न येणाऱ्या चुकीकडे निघाली आहे, आणि तशी चूक आली की मशीन जागच्या जागी थांबतं.

ती पट्टी आणि शेजारची पट्टी यांच्या जागा बदला. पुढची नोंद पट्टीबरोबर नव्या स्लॉटवर गेली तर दोष पट्टीत. जुन्याच स्लॉटच्या नावाने आली तर दोष स्लॉटमध्ये किंवा प्रोसेसरच्या बाजूला, आणि मग ते काम आपल्या हाताबाहेरचं. जागा बदलण्याआधी फोटो काढा, कारण पट्ट्या कोणत्या स्लॉटमध्ये चालतात याचेही नियम असतात. बरोबर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. अर्ध्या तासात चूक दिसली नाही म्हणून रॅम चांगली, असं धरू नका.

आपल्याकडे रॅमच्या सोनेरी पायांवर खोडरबर घासायची जुनी सवय आहे. मी ती सोडली. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड वापरा. नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीजवळ हे पाय काळपट पडलेले दिसतील. तिथे नुसतं पुसून भागत नाही, खोलीत येणाऱ्या हवेचाच बंदोबस्त करावा लागतो.

इथे थांबा

पॉवर सप्लायचं खोकं उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहतो. सप्लाय अख्खा बदलायचा असतो. जळका वास आला, बोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, यूपीएसची बॅटरी फुगली, मशीनच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पुढे काही तपासू नका. करंट बंद करा आणि जाणकार माणसाला बोलवा. मशीन पाण्यात गेलं असेल तरीही तेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा काही लोकांनी मशीन दोन दिवस उन्हात वाळवून चालू केली, आणि वाचू शकली असती ती जाळली.

बीएमसीच मधूनमधून गायब होत असेल किंवा सगळं बदलूनही बोर्ड उठत नसेल, तर तो बोर्डाचा दोष. काही वेळा तो चिपमध्येच असतो. इंटेलने २०१७ मध्ये अॅटम सी २००० या मालिकेतली एक उणीव नोंदवली होती: घड्याळाचा सिग्नल कालांतराने बंद पडू शकतो आणि मग मशीन बूटच होत नाही. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या फायरवॉलमध्ये हाच प्रोसेसर आहे. सेकंडहँड घेताना मॉडेल विचारा. वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू न काढता कंपनीला फोन करा.

पुढच्या वेळी आधी कळावं म्हणून

दुरुस्ती झाली की काम अर्धंच झालं, उरलेलं अर्धं नजर ठेवण्याचं. एका जुन्या पीसीवर झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस हे नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा आणि त्याला बीएमसीचे सेन्सर वाचायला लावा. मी सहाच गोष्टी बघतो: तोंडाकडचं तापमान, प्रत्येक पंख्याचे फेरे, दोन्ही सप्लायची अवस्था, सेलचं व्होल्टेज, ईसीसीच्या नोंदी आणि इंटरफेसच्या एररचा आकडा. तोंडाकडचं तापमान ३२ झालं की इशारा, ३५ ला फोन. याहून जास्त इशारे लावले की लोक ते वाचणंच सोडतात.

फायरवॉलचा सिस्लॉग, म्हणजे तिच्या लॉगच्या ओळी, त्याच पीसीवर पाठवा. मशीन न बोलता पडतं असं आपल्याला वाटतं, पण शेवटच्या ओळी पुष्कळदा डिस्कवर उतरायच्या राहिलेल्या असतात. दुसऱ्या मशीनवर गेलेली ओळ वाचते.

आणि एक प्रश्न आधीच सोडवून ठेवा. फायरवॉलच मेली, तर ईमेलचा इशारा कोणत्या वाटेने बाहेर जाणार? त्या पीसीला सिमकार्डचा डोंगल लावा. नाहीतर उलटी रचना करा: ऑफिसातून दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हरला हाक जाईल, आणि हाक थांबली की तो सर्व्हर तुम्हाला कळवेल. मी दुसरी पद्धत वापरतो, तिला महिन्याचं रीचार्ज लागत नाही.

जाणकाराला बोलवायची वेळ आली तर हे तयार ठेवा: मशीनचं मॉडेल आणि सिरियल नंबर, एसईएलची उतरवलेली प्रत, वहीतल्या वेळांचा फोटो, काय काय बदलून बघितलं त्याची यादी, आणि कॉन्फिगची ताजी प्रत पेन ड्राइव्हवर. हे हातात असेल तर येणारा माणूस सुटे भाग बरोबर घेऊनच निघतो.